जॉन्सनव्हिलची मार्ग-तपासणी

बाळासाहेब खटावकरांनी एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली सतरा तपासणी पथकात. सांगली विभागातल्या कंडक्टरांनी त्यांचं नाव 'मांजर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडायचंही. कुठल्या स्टॉपवर चढतील नेम नाही. एकदा उसाच्या फडातून बाहेर आले. एकदा फेटा बांधून वऱ्हाडात चढले आणि अर्ध्या वाटेत नवरदेवालाच तिकीट विचारलं. तिकिटं मोजायच्या आधी ते कंडक्टरला एकच विचारायचे, "काय, किती जण आहेत?" उत्तराला महत्त्व नाही. आवाज कुठून येतो ते ऐकायचं. पोटातून आला तर गाडी साफ. घशातून आला तर खाली उतर बाबा, पिशवी उघड.

असा माणूस २०१८ च्या ऑक्टोबरात वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला मुलाच्या घरी सोफ्यावर बसला होता, आणि या घरात काहीतरी शिजतंय अशी त्याची खात्री झाली होती.

खरं म्हणजे घरात काही शिजतच नव्हतं, शंकेला सुरुवात तिथूनच झाली. निवेदिता, त्यांची सून, फोडणी द्यायला बाहेर लाकडी डेकवर जायची. तिथं विजेची छोटी शेगडी. वेलिंग्टनचा वारा म्हणजे काय विचारता, अर्धी मोहरी कढईत तडतडायची आणि अर्धी शेजाऱ्याच्या कुंपणाकडे निघायची.

"सुमेधच्या घशाला धूर चालत नाही बाबा," ती म्हणाली.

सुमेध २०११ ला इथं आला तो पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करायला. ऑफिसातल्या कुणीतरी नाताळच्या कोरसमध्ये ओढून नेलं. कोरस शिकवणाऱ्या बाईंनी त्याला तालमीनंतर थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, तुझा आवाज फरशीखालून येतो, तू पाइपांत काय करतोयस. झालं. शिकवणी लागली, परीक्षा झाल्या, छोट्या भूमिका मिळाल्या आणि २०१६ ला साहेबांनी नोकरी सोडली. आता तो ऑपेरात बॅरिटोन होता. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. वरच्या आवाजवाल्याला हिरोचं काम मिळतं आणि पोरगीही मिळते. मधल्याला बाप, भाऊ नाहीतर खलनायक.

"म्हणजे पोरगी कधीच मिळत नाही," बाळासाहेब म्हणाले होते, "आणि त्यासाठी तू पर्मनंट नोकरी सोडलीस."

आल्याआल्या सुमेधनं त्यांना गुरुवारच्या एका कार्यक्रमाला नेलं. दुपारी सव्वाबाराला, एका चर्चमध्ये. पियानोवर एक बाई, शेजारी सुमेध, आणि जर्मन कवितांची गाणी. प्रवेश फुकट, शेवटी भोपळ्याचं सूप. बाळासाहेबांनी सवयीनं प्रवासी मोजले. अकरा. त्यातले दोन झोपलेले. गाण्याचं काय कळलं ते सोडा, पण फुकट गाडीत अकरा प्रवासी, हा मार्ग चालतोय कसा, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो उठेना.

आणि मग निवेदितानं त्यांच्या हातात वॉरंटच दिलं.

"बाबा, सुमेधच्या जुन्या ऑफिसातून फोन आलाय. परत बोलावतायत. सोमवारी सकाळी नऊपर्यंत हो की नाही ते सांगायचंय." ती ऑफिसचा लॅपटॉप मिटत म्हणाली. "मी 'घे' म्हटलं तर तो घेईल आणि जन्मभर लक्षात ठेवेल. 'नको' म्हटलं तर मी जन्मभर लक्षात ठेवेन. तो म्हणतो, बाबा सांगतील ते करतो. तुम्ही काय ते ठरवा."

"तुला काय वाटतं?"

"मला झोपावंसं वाटतं बाबा. मी दोन माणसांची नोकरी एकटी करतेय."

तिचा आवाज पोटातून आला. म्हणजे प्रकरण खरं होतं. बाळासाहेबांनी सांगलीला बायकोला, सरोजताईंना, फोन लावला. सरोजताई म्हणाल्या, "नीट बघून सांगा. उगा पोराचं वाटोळं करू नका तुमच्या त्या पथकानं."

तर तपासणी सुरू झाली.

सुमेधची गाण्याची कंपनी त्या वेळी शहरात एक इटालियन ऑपेरा करत होती. तीन प्रयोग, शेवटचा रविवारी दुपारी. बाळासाहेबांनी कार्यक्रमाची जाड पुस्तिका चष्मा लावून वाचली. फोटो होते, नावं होती. सुमेधचा फोटो नव्हता. शेवटच्या पानावर, जिथं सुतार आणि शिंपी संपतात, तिथं मुंगीएवढ्या अक्षरात 'कव्हर' असं लिहून पुढं त्याचं नाव होतं.

"हे कव्हर म्हणजे काय?"

"मुख्य बॅरिटोनला काही झालं तर मी गायचं," सुमेध म्हणाला. "टावीटा नावाचा आहे. सामोअन आहे, मोठा माणूस, मोठा आवाज."

"आणि त्याला काही झालं नाही तर?"

"नाही झालं तर नाही."

"म्हणजे तू गात नाहीस."

"मी तयार असतो बाबा."

त्यांनी नात सिद्धीला बाजूला घेतलं. सहा वर्षांची साक्षीदार, पण पक्की. "तुझा बाबा तिकडं जाऊन काय करतो गं?"

"ही सिंग्ज, आबा," सिद्धी म्हणाली. "बट नॉट आउट लाउड."

असा एक माणूस बाळासाहेबांनी पाहिला होता. पुरुषोत्तम शेळके, मिरज डेपो. बाळासाहेबांच्याच रिपोर्टवरून सस्पेंड झाला. घरी सांगितलं नाही. तीन महिने रोज सकाळी गणवेश घालून, डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दिवसभर कृष्णेच्या घाटावर बसून राहायचा. बाळासाहेबांनी त्याला तिथंही पकडला आणि सरळ जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं. नियमाप्रमाणे. त्यानंतर शेळके जो गेला तो मिरजेत पुन्हा दिसला नाही. बाळासाहेब म्हणायचे, माझं काय चुकलं. दरवर्षी एकदोनदा तरी म्हणायचे.

मंगळवारी संध्याकाळी सहाचा प्रयोग होता. सुमेध साडेचारला काळे कपडे घालून, बॅग घेऊन निघाला. डबाही घेतला. बाळासाहेबांनी पाच मिनिटं जाऊ दिली आणि मफलर गुंडाळून मागं निघाले. जॉन्सनव्हिलच्या स्टेशनवर तो पहिल्या डब्यात, हे शेवटच्या. इथल्या गाडीत अजून माणूस येऊन कागदी तिकिटाला चिमट्यानं भोक पाडतो. त्या 'टक' आवाजानं बाळासाहेबांना भरून आलं. गार्डला म्हणाले, "गुड पंच." तो म्हणाला, "चीअर्स, मेट."

शहरात पोचल्यावर सुमेध थिएटरच्या मागच्या दारानं आत गेला. बाळासाहेबांना हायसं वाटलं. दहाव्या मिनिटाला तो त्याच दारानं बाहेर आला. रस्ता ओलांडून समोरच्या मलेशियन खानावळीत काचेपाशी बसला. गरम पाणी मागवलं. डबा उघडला, दहीभात खाल्ला. मग एक जाड वही उघडून, फोन समोर ठेवून बसला. सहा वाजले. समोर थिएटरात लोक गेले, दारं मिटली. सुमेध बसलेला. सात वाजले. सुमेध बसलेला. ओठ हलत होते, आवाज नाही. बाळासाहेब रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर वाऱ्यात उभे राहून बघत होते. काच मध्ये नसती, तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की हा कृष्णेचा घाट आहे.

सव्वासातला ते एकटेच परतले. गार्डनं तिकिटाला भोक पाडलं, तिकडं लक्षही गेलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी सुमेधला स्वयंपाकघरात गाठलं. तो ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत होता. बत्तीस वर्षांचा बाप्या, इंजिनियर.

"बस," बाळासाहेब म्हणाले. "काल सहा ते सव्वासात तू कुठं होतास?"

सुमेधनं सिद्धीची पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, 'खानावळीत. तुम्ही बसस्टॉपवर होता. मफलर ओळखला.'

बाळासाहेब जरा दचकले, पण पथकातला माणूस चेहरा हलवत नाही. "तोंडानं बोल."

'टावीटाला सर्दी झालीय. मला आवाज राखून ठेवायचाय. रविवारपर्यंत बोलणार नाही.'

"सर्दी त्याला, आणि गप्प तू?"

सुमेधनं मान डोलावली.

"मग काल तिथं का बसला होतास, आत का नाही?"

'आत बसलो की टावीटाला वाटतं गिधाड बसलंय. कव्हरनं समोर येऊ नये, चहा विचारू नये, कसा आहेस विचारू नये. पण प्रयोग संपेपर्यंत पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे.'

पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. बाळासाहेब वाचत होते आणि मनात चरफडत होते. तेहतीस वर्षांत असा चोर भेटला नव्हता. लिखाणात घसा कुठला अन् पोट कुठलं? अक्षर तर पोराचं पहिल्यापासून चांगलंच.

"तुझ्या बायकोनं माझ्यावर सोपवलंय," ते म्हणाले. "सोमवारी नऊला हो म्हणायचं का नाही, ते मी सांगणार. माहितेय ना?"

सुमेधनं पाटी पुसली. मग लिहिलं, 'माहितेय. तुम्ही सांगाल ते करेन.' आणि खाली बारीक अक्षरात, 'पण आधी एकदा ऐका.'

"ऐकायला तू गायला पाहिजेस," बाळासाहेब म्हणाले आणि उठले. त्यांचं ठरलं होतं. सोमवारी 'हो' सांगायचं. निवेदिताला मात्र घाट-बिट सांगायचा नाही. एकदा सांगून बघितलं होतं.

रविवारी निवेदिता सिद्धीला घेऊन अप्पर हट गावी एका वाढदिवसाला गेली. अकराला सुमेधचा फोन वाजला. चार दिवसांनी त्यानं तोंड उघडलं. "येस. आय ॲम रेडी," एवढंच म्हणाला आणि धावतच कपडे बदलायला गेला. बूट घालता घालता दारातून म्हणाला, "बाबा, टावीटाचा आवाज बसला. अडीचला मी गातोय. तिकीट मात्र एकही शिल्लक नाही, फोनवर बघितलं मी. घरीच थांबा, आल्यावर सांगतो." आणि गेला.

बाळासाहेब दाराकडे बघत राहिले. आवाज कुठून आला, घाईत कळलंच नाही. मग एकेक डबा जोडत गाडी तयार झाली. नेमका घरात कुणी नाही. नेमका आजच आवाज बसला. उद्या सोमवार. आणि नेमकी तिकिटं संपली. खोटं बोलणारा कंडक्टर पण हेच म्हणतो, साहेब, नेमकी तिकिटं संपली होती.

पुढच्या गाडीला बाळासाहेब स्टेशनात हजर.

थिएटरसमोर गर्दी होती. खिडकीवरच्या पोरानं हात जोडल्यासारखं केलं, "सॉरी सर, फुल." बाळासाहेब बाजूला झाले. म्हणजे एवढं तरी खरं होतं. आता आतला माणूस कोण, ते बघायचं तर आत जायला हवं. त्यांनी डावीउजवीकडे बघितलं. एका मोठ्या व्हॅनमधून वृद्धाश्रमातली मंडळी उतरत होती, वीस-पंचवीस पांढरी डोकी, चालायच्या चाकांच्या गाड्या, काठ्या. त्यांची मुख्य बाई दारात सगळ्यांची तिकिटं एकगठ्ठा दाखवत होती.

विनातिकीट प्रवासी एकटा कधी चढत नाही, तो वऱ्हाडात चढतो. हे वाक्य बाळासाहेबांनी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये शंभर वेळा सांगितलेलं. ते पुढं झाले. एका आजींची चाकाची गाडी पायरीला अडली होती. ती त्यांनी उचलली. "थँक यू, डिअर," आजी म्हणाल्या. बाळासाहेब चाकाची गाडी छातीशी धरून, मान खाली घालून, वऱ्हाडासोबत आत गेले.

आजींना जागेवर बसवलं आणि ते वरच्या मजल्यावर एका खांबाआड उभे राहिले. दिवे मंद व्हायला लागले. तेवढ्यात पाठीमागून हळूच आवाज आला, "तिकीट बघू का, लव्ह?"

पांढऱ्या केसांची बाई, गळ्यात दोरीला चष्मा, हातात टॉर्च. समोरून आली नव्हती. लांबून बघून, वळसा घालून, मागून आली होती. बाळासाहेबांना त्याही स्थितीत तिचं कौतुक वाटलं.

"माय सन," ते म्हणाले. "सिंगिंग. टुडे."

"असं बरेच जण म्हणतात."

त्यांनी खिसे चाचपले. पासपोर्ट घरी. पाकिटात होता तो एसटीचा निवृत्त कर्मचाऱ्याचा पास. तोच दिला. बाईनं टॉर्च मारला. सगळं देवनागरी, गोल शिक्का आणि बाळासाहेबांचा चाळिशीतला फोटो. तिनं खिशातून एक चिठोरं काढलं. आज ऐनवेळी छापून प्रत्येक पुस्तिकेत घातलेलं. त्यावर लिहिलं होतं, भावाची भूमिका आज सुमेध खटावकर करतील. शेजारी घाईत छापलेला, शाई पसरलेला फोटो. बाईनं पासावरच्या नाकावर टॉर्च मारला, मग चिठोऱ्यावरच्या नाकावर. मग प्रत्यक्ष नाकावर.

"हे कव्हरचे बिचारे," ती कुजबुजली. "अख्खा सीझन तयार होऊन बसायचं. बहुतेकांना कधी बोलावणंच येत नाही. पण ते बसलेले असतात म्हणून आम्ही तिकिटं विकू शकतो."

बाळासाहेबांच्या डोक्यात लख्खकन दिवा लागला. स्पेअर. डेपोत दोन-तीन कंडक्टर गणवेश घालून, तिकिटांचा ट्रे भरून बाकावर बसलेले असतात. कुणी आजारी पडला की हा उठून गाडीत चढतो. कुणी नाही पडला तर संध्याकाळी ट्रे जमा करून घरी. त्याला स्पेअर ड्यूटी म्हणतात, ड्यूटीच ती, हजेरी लागते. नोकरीची पहिली दोन वर्षं बाळासाहेबांनी त्याच बाकावर काढली होती. वडील विचारायचे, आज कुठली गाडी केलीस? ते म्हणायचे, तयार होतो.

"बसा इथं," बाई म्हणाली आणि भिंतीला लावलेली आपली घडीची खुर्ची उघडून दिली. "आणि हलू नका. मी बघतेय."

पडदा उघडला. वर पाटीवर इंग्रजीत शब्द उमटत होते, ते बाळासाहेब सावकाश वाचत होते. एक बहीण. तिचा प्रियकर परदेशी गेलाय, त्याच्या पत्राची वाट बघतेय. तिचा भाऊ आला. लांब कोट, दाढी लावलेली. चालीवरून ओळखला, लहानपणी अनवाणी चालायचा तसाच, उजवा पाय किंचित बाहेर. पोस्टमननं त्याच्या हातात पत्र दिलं. त्यानं ते वाचलं, घडी केली आणि कोटाच्या डाव्या खिशात घातलं. बाळासाहेबांनी नोंद घेतली. डावा खिसा.

बहीण आली. तिनं विचारलं, पत्र आलं का?

आणि सुमेध गायला लागला. आलं नाही. वर पाटीवर एवढेच दोन शब्द, पण तो ते पुन्हा पुन्हा गात होता, कधी समजावत, कधी तिच्या केसांवरून हात फिरवत, कधी स्वतःशीच. चर्चमध्ये ऐकला होता तो हाच आवाज, पण तिथं अकरा माणसांपुरता होता. इथं खुर्चीच्या लोखंडी पायातून तो बाळासाहेबांच्या मांडीत चढला. पुढच्या रांगेतल्या माणसानं उघडायला घेतलेली गोळी तशीच हातात ठेवली. आवाज पोटातून येत होता. पोटाच्याही खालून. आणि बाळासाहेबांना वाटलं, बिचारीला पत्र आलंच नाही. हवं तर यायला उशीर झाला असेल.

मग त्यांना आठवलं. डावा खिसा. आत्ता तर बघितलं मी.

तेहतीस वर्षांत 'मांजर'ला कुणी गंडवलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांनी माल बघूनही त्यांनी गाडी सोडून दिली होती. त्यांनी वळून त्या बाईकडे बघितलं. ती टॉर्च विझवून, भिंतीला टेकून, डोळे पुसत होती.

प्रयोग संपल्यावर मागच्या दारापाशी बाळासाहेब उभे होते. सुमेध बाहेर आला, कानामागं डिंक चिकटलेला. शेजारी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलेला एक धिप्पाड माणूस, टावीटा. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं सुमेधच्या पाठीवर अशी थाप मारली की पोरगा दोन पावलं पुढं आला. मग बाळासाहेबांकडे बघून भुवया उडवल्या, नाकाकडे बोट केलं, आणि गेला.

घरी जाताना गाडीत दोघं शेजारी बसले. खिडकीतून अजून ऊन येत होतं.

"ते पत्र," बाळासाहेब म्हणाले. "शेवटी द्यायला पाहिजे होतंस तिला."

"इटालियन लोकांनी तसं लिहिलंय बाबा, मी काय करू."

"आता पुढची ड्यूटी कधी?"

"मार्चमध्ये ड्युनीडिनला. छोटी भूमिका आहे. पण माझी स्वतःची. तोवर गुरुवारचं चर्च." सुमेध थांबला. "आणि उद्या नऊला..."

"नाही म्हणून कळव. तू स्पेअरला आहेस, बेकार नाहीस. निवेदिताशी मी बोलतो. तिची झोप मात्र तू बघायची. मार्चपर्यंत पाइपांचं काही घरून करता येत असेल तर ते विचार. ते लोक गरजू दिसतात."

सुमेध खिडकीबाहेर बघायला लागला. मग तो म्हणाला, "बाबा, पण तुम्ही आत आलात कसे? तिकिटं तर संपली होती."

"काढलं की एक."

"कुठून?"

"मिळालं."

सुमेधनं त्यांच्याकडे नीट वळून बघितलं. "घशातून आला आवाज."

गार्ड आला. बाळासाहेबांनी लगबगीनं दोघांची तिकिटं पुढं केली, जरा जास्तच पुढं. टक, टक.

सोमवारी सकाळी पावणेनऊला निवेदिता डेकवर निघाली तर शेगडी आधीच लागलेली. बाळासाहेब मफलर बांधून कढईसमोर उभे होते. तिनं विचारलं, काय ठरलं? त्यांनी सांगितलं.

"खात्री आहे बाबा?"

"त्यानं मला गंडवलं," बाळासाहेब म्हणाले. "तू जा, आडवी हो जरा. पोह्यांचं मी बघतो."

आत सुमेध फोनवर बोलत होता. काचेतून शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता, खालचा, सावकाश. बाळासाहेबांनी मोहरी टाकली. अर्धी वाऱ्यानं नेली. त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि वाऱ्याचा वाटा धरून आणखी एक चिमूट घातली.